इमारत आधी कागदावर उभी राहते

ओहोटीच्या वेळी सारसोळ्याच्या जेट्टीवर जावं आणि खाडीकडे पाठ करून उभं राहावं. समोर पाम बीच रस्त्यावरून गाड्या सुसाट जात असतात. रस्त्यापलीकडे गाव आहे, भिंतीला भिंत लावून वर वर गेलेल्या घरांचं. त्याच्या आजूबाजूला चार-पाच मजल्यांच्या जुन्या सोसायट्या दिसतात. आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून डोकावणारे नवे मनोरे, त्यांच्या बाजूला क्रेनचे लांब हात. मागे वळून पाहिलं तर कांदळवन, चिखलात टेकलेल्या होड्या आणि खाडीपलीकडे तुर्भ्याचा, म्हणजे मुंबईच्या ट्रॉम्बेचा डोंगर. नवी मुंबई कशी बनली आणि पुढे कशी बनणार आहे, हे एका जागेवरून इतकं स्पष्ट दिसावं अशा जागा फार नाहीत.

मी नेरुळचा रहिवासी. ओळखीची माणसं मला नेहमी एकच प्रश्न विचारतात: ‘तिथं पत्रे लागलेत, काय येतंय?’ पत्रे लागले की आपल्याला कळतं की काहीतरी येतंय. पण पत्रे लागेपर्यंत महत्त्वाच्या बहुतेक गोष्टी ठरून गेलेल्या असतात. किती मजले, किती घरं, गाड्या कुठून आत-बाहेर करणार, झाडं किती जाणार, सांडपाणी कुठं जाणार, हे सगळं वर्ष-दोन वर्षं आधी कागदावर उतरलेलं असतं. त्यातले बरेचसे कागद कुणालाही पाहता येतात. ते कुठं असतात, कोणत्या क्रमानं वाचायचे आणि वाचून काय करायचं, ते इथं सांगतो. तुम्ही घर घेणार असाल, तुमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल, किंवा तुम्ही काहीच घेणार नसाल आणि फक्त तुमच्या खिडकीसमोर इमारत येणार असेल, तिघांनाही याचा उपयोग आहे. तिसऱ्या माणसाला कुणी काही सांगायला येत नाही, म्हणून त्यानं तर नक्की वाचावं.

आधी जमिनीचं कूळ विचारा

इमारत कोण बांधतंय हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ती कोणत्या जमिनीवर उभी राहतेय. नवी मुंबईत एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या जातीच्या जमिनी असतात, आणि त्यांचे कागदही वेगळे असतात. याची मुळं इतिहासात आहेत. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि त्या वेळच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी ठरल्या. सारसोळे त्यातलंच एक. भातशेती आणि मिठागरं गेली, गावठाणं तेवढी राहिली, आणि त्यांच्याभोवती सेक्टर आखले गेले. आज सारसोळे गाव नेरुळच्या सेक्टर ६ मध्ये आहे असं आपण म्हणतो. गाव आधीचं आहे, सेक्टर नंतर आला.

त्यामुळे इथं साधारण चार प्रकारच्या जमिनी भेटतात.

पहिली गावठाणाची आणि त्याला लागून वाढलेल्या घरांची. पिढ्या वाढल्या, घरं पुरेनाशी झाली, म्हणून कोळी-आगरी कुटुंबांनी घरांवर मजले चढवले. गरजेपोटी बांधलेली ही घरं नियमित करावीत ही त्यांची मागणी जुनी आणि रास्त आहे. पण त्याच गावठाणांच्या आडोशानं, भाड्यानं देण्यासाठी आणि विकण्यासाठी, परवानगीशिवाय चार-पाच मजले उभे करणारी मंडळीही आली. त्या घरांची विक्री नोटरीच्या कागदावर होते, बँक कर्ज देत नाही, आणि भोगवटा प्रमाणपत्राचं नावही कुणी काढत नाही. किंमत शेजारच्या सेक्टरपेक्षा बरीच कमी असते, म्हणून कष्टाचा पैसा जमवलेलं कुटुंब तिकडं वळतं. २७ जुलै २०२४ रोजी बेलापूरच्या शहाबाज गावात अशीच एक रहिवासी इमारत पहाटे कोसळली आणि तीन जीव गेले. इमारत जुनीपुराणी नव्हती. तुम्ही गावठाणात घर घेत असाल तर महापालिकेची बांधकाम परवानगी मागा. नसेल तर नेरुळ विभाग कार्यालयात जाऊन त्या बांधकामाला नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस गेली आहे का, ते लेखी विचारा. कागद नसेल तर स्वस्त घर घेऊ नका. हे मी कळकळीनं सांगतो, कारण अशा घरात पैसा अडकलेल्या माणसाला नंतर दार ठोठावायला जागाच उरत नाही.

दुसरी जमीन साडेबारा टक्क्यांची. संपादनाच्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेलं आंदोलन आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबारात गेलेले पाच जीव, या पार्श्वभूमीवर ही योजना आली. प्रकल्पग्रस्ताला त्याच्या गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायचा, त्यातला काही भाग सार्वजनिक सोयींसाठी कापून प्रत्यक्षात पावणेनऊ टक्के हातात पडायचे. या भूखंडांना दीड एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम, आणि थोडा दुकानांचा वापर मिळाला, म्हणून गावांच्या आसपास खाली दुकानं आणि वर घरं अशा इतक्या इमारती दिसतात. इथं मूळ वाटपदार, सिडको आणि बिल्डर यांच्यात झालेला त्रिपक्षीय करारनामा हा कळीचा कागद आहे. तो बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका, आणि वाटपदाराचे वारस किती, सगळ्यांच्या सह्या आहेत का, हे वकिलाकडून तपासून घ्या. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवरची भांडणं बहुधा वारसांमधूनच निघतात.

तिसरी जमीन सिडकोनं निविदा किंवा लिलाव करून विकलेल्या भूखंडांची. इथं कागद सहसा सुटसुटीत असतात. आणि चौथी, सिडकोनं स्वतः बांधलेल्या किंवा सोसायट्यांना दिलेल्या जागेवरच्या जुन्या वसाहतींची. आज नेरुळ, वाशी, सानपाड्यात नव्या घरांची जी वाढ दिसते, तिचा मोठा वाटा या चौथ्या जमिनीवर आहे. रिकामे भूखंड संपत आले, तेव्हा वाढ जुन्या इमारती पाडून वर जाऊ लागली.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात एक समान गोष्ट लक्षात ठेवा. जमीन तुमची किंवा सोसायटीची होत नाही, ती सिडकोकडून ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं असते. पुनर्विक्रीचं घर घेताना सिडकोचं हस्तांतरण शुल्क भरलंय का आणि घर सिडकोच्या दप्तरी विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, हे विचारणं म्हणूनच गरजेचं. अनेक कुटुंबांना हे घर विकायला निघाल्यावर कळतं, आणि मग आधीच्या दोन व्यवहारांचं थकलेलं शुल्क त्यांच्याच गळ्यात येतं.

पत्र्यावरची पाटी

बांधकामाच्या जागी परवानगीचा तपशील देणारा फलक लावणं बंधनकारक आहे. बहुतेक जण त्यावरचं संकल्पचित्र बघतात, तरणतलाव आणि नारळाची झाडं असलेलं. त्याच्या खालच्या बारीक अक्षरांचा फोटो काढा. त्यात भूखंड क्रमांक, सेक्टर, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा म्हणजे सीसीचा क्रमांक आणि तारीख, वास्तुविशारद आणि संरचना अभियंत्याचं नाव, आणि महारेरा क्रमांक असतो. या चार-पाच गोष्टी हाती आल्या की पुढचं सगळं शोधता येतं. फलकच नसेल, तर तीच पहिली तक्रार.

नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ पासून कारभार बघते, आणि १९९४ पासून तिच्या हद्दीत बांधकाम परवानगी देण्याचं काम सिडकोकडून तिच्याकडे आलं. म्हणून सीसी महापालिकेच्या नगररचना विभागाचं हवं. हा विभाग बेलापूरच्या मुख्यालयात आहे. जमिनीचा मालक मात्र अजूनही सिडको असू शकते. या दुहेरी कारभारामुळे सामान्य माणूस दोन कार्यालयांमध्ये हेलपाटे घालत राहतो. लक्षात ठेवायला सोपी खूण अशी: जमीन कुणाची हा प्रश्न सिडकोला विचारायचा, आणि जमिनीवर काय बांधताय हा महापालिकेला.

सीसी एकदम सगळ्या मजल्यांचं मिळतंच असं नाही. आधी जोत्यापर्यंत, मग पुढच्या मजल्यांपर्यंत, असं टप्प्याटप्प्यानं ते वाढतं. जाहिरातीत ३० मजले असले तरी आज मंजूर किती आहेत, हे सीसीच सांगतं. ज्या मजल्यावरचं घर तुम्हाला दाखवलं जातंय, तो मजला मंजूर आहे का? विक्री कार्यालयात हा एक प्रश्न विचारून बघा. उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ जास्त सांगून जातो.

महारेराचं पान कसं वाचावं

स्थावर संपदा कायदा २०१६ चा, आणि महाराष्ट्रात त्याखालचं नियामक प्राधिकरण, महारेरा, १ मे २०१७ पासून काम करतंय. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त घरं असलेला विक्रीचा प्रकल्प इथं नोंदवल्याशिवाय विकता येत नाही, त्याची जाहिरातही करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो मोबाइलनं टिपला की थेट प्रकल्पाचं पान उघडतं.

या पानावरची पहिली युक्ती क्रमांकातच आहे. अनेक वर्षं दिलेल्या क्रमांकांमध्ये ठाणे जिल्ह्यातले प्रकल्प ‘पी ५१७’ ने आणि रायगडातले ‘पी ५२०’ ने सुरू होतात. जाहिरातीवर ‘नवी मुंबई’ एवढंच मोठ्या अक्षरात असतं. क्रमांक पी ५२० चा असेल तर ते घर उलवे, पनवेल, तळोजा अशा रायगडातल्या भागात आहे. तिथं घर घेऊ नये असं मी म्हणत नाही. नेरुळ-उरण रेल्वेमार्ग नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत गेला, त्याच महिन्यात अटल सेतूही खुला झाला, आणि २०२५ च्या अखेरीस विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. त्या भागाचे दिवस खरोखर बदलतायत. पण तिथलं पाणी, रस्ते आणि महापालिका नेरुळची नाही, हे समजून घ्यावं आणि मग घ्यावं.

आता मजकुराकडे. मी पान उघडलं की सगळ्यात आधी दोन तारखा बघतो, मूळ पूर्णत्वाची आणि सुधारित. दोन्हींमध्ये अंतर असेल तर मुदतवाढ किती वेळा घेतली ते दिसतं. त्यानंतर न्यायप्रविष्ट प्रकरणं आणि जमिनीवरचा बोजा. मग मंजूर मजले आणि प्रस्तावित मजले, हे दोन वेगळे आकडे असतात. आणि मग तिमाही माहिती. विकासकानं दर तीन महिन्यांनी किती घरं विकली आणि काम कुठवर आलं, ते इथं भरायचं असतं. त्याच्या जोडीला वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रंही असतात, कारण ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि काम झालं असेल त्या प्रमाणातच काढायचे, असा नियम आहे. तुम्ही त्या जागेजवळून रोज जात असाल तर तुमच्याकडे एक मोठी सोय आहे, जी परगावच्या ग्राहकाकडे नसते. पानावर लिहिलंय की बाराव्या मजल्याचा स्लॅब झाला. रस्त्यावर उभं राहून मजले मोजा. आकडे जुळत नसतील तर ते वहीत टिपून ठेवा.

घर घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आज भरा, दर वाढणार आहेत’ असं सांगून पाव किंमत मागणाऱ्याला कायद्याचं कलम १३ दाखवा. बोलणी चटईक्षेत्रावरच करा, ‘सुपर बिल्टअप’ हा शब्द कानाआड करा. आणि आसपास खरे व्यवहार कितीला झाले हे नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची २ मध्ये सापडतं. तिथं घराचा पत्ता, क्षेत्रफळ आणि किंमत असते. दलालाच्या तोंडचा भाव आणि सूचीतला भाव यांची तुलना केल्याशिवाय टोकन देऊ नका.

मोठ्या प्रकल्पांची मोठी फाइल

एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. या मंजुरीची कागदपत्रं केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर असतात, आणि मला विचाराल तर परिसरावर लक्ष ठेवणाऱ्या माणसासाठी यापेक्षा उपयोगी कागद दुसरा नाही. घरं किती, माणसं किती धरली आहेत, रोज पाणी किती लागणार, सांडपाणी किती निघणार, गाड्या किती उभ्या राहणार, झाडं किती तोडणार आणि किती लावणार, खोदलेली माती कुठं जाणार, सगळं एका जागी असतं. मंजुरी मिळाल्यावर ती स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर करावी लागते, आणि अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. वृत्तपत्राच्या आतल्या पानावरची ती लहानशी चौकट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ती कापून ठेवायची सवय लावा.

हे आकडे हातात आले की साधं गणित मांडता येतं. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित मापदंड आहे. घरात पाच माणसं धरली तर एका घराला ६७५ लिटर. ४० घरांची सोसायटी रोज २७,००० लिटर पाणी वापरते. ती पाडून १२० घरं झाली की ८१,००० लिटर. जलवाहिनी मात्र रस्त्याखाली तीच असते, जोवर कुणी बदलत नाही. एका सोसायटीनं काही बिघडत नाही. पण एकाच सेक्टरात सहा-सात सोसायट्या एकदम निघाल्या तर? नवी मुंबईचं नशीब चांगलं की महापालिकेकडे खालापूरजवळचं मोरबे धरण स्वतःचं आहे आणि त्याची क्षमता दिवसाला ४५ कोटी लिटर आहे. म्हणून इथला प्रश्न धरणातल्या पाण्यापेक्षा तुमच्या गल्लीतल्या नळाचा, मलवाहिनीचा आणि रस्त्याच्या रुंदीचा जास्त असतो. प्रभागातल्या बैठकीत, नगरसेवकाकडे किंवा विभाग अधिकाऱ्याकडे जाताना ‘फार गर्दी होणार’ असं म्हणण्यापेक्षा हे आकडे घेऊन जा. उत्तर देणं त्यांना भाग पडतं.

आरक्षणांवरही नजर ठेवा. महापालिकेनं आपला पहिला प्रारूप विकास आराखडा ऑगस्ट २०२२ मध्ये हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केला. मैदान, बाजार, शाळा, दवाखाना यांच्या जागा आराखड्याच्या नकाशावर रंगांनी दाखवलेल्या असतात. आपल्या सेक्टरचा नकाशा छापून घरात लावा. एखादं आरक्षण बदलायचं असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस काढून हरकतींसाठी एक महिना द्यावा लागतो. त्या महिन्यात दिलेल्या एका पानाच्या लेखी हरकतीला जे वजन असतं, ते नंतरच्या मोर्चाला नसतं.

आपलीच सोसायटी निघाली तर

नेरुळमध्ये पुनर्विकासाची घाई नुसत्या हव्यासातून आलेली नाही. जून २०२२ मध्ये सेक्टर १७ मध्ये आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सेक्टर ६ मध्ये स्लॅब कोसळून माणसं दगावली. दुसऱ्या घटनेत वरच्या घरात फरशीचं काम चालू होतं. समुद्राची खारी हवा, सळयांना लागलेला गंज, वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी, आणि त्यात आपण न विचारता पाडलेल्या भिंती. महापालिका धोकादायक इमारतींची यादी दर पावसाळ्याआधी जाहीर करते, सी-१ पासून सी-३ पर्यंतच्या वर्गांत. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करायची. ३० वर्षं झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं कायद्यानं सोसायटीवर बंधनकारक आहे. त्यासाठी विकासकाची वाट बघू नका, आणि विकासकानं आणलेल्या अभियंत्याकडून तर ती मुळीच करून घेऊ नका. सोसायटीनं स्वतःच्या पैशानं केलेली तपासणीच खरी मानावी.

पुनर्विकासाचा मार्ग सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या निर्देशांनी आखलेला आहे. ते आधी ३ जानेवारी २००९ ला आले, मग ४ जुलै २०१९ ला सुधारून निघाले. विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासदांची हजेरी, एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांचा होकार, विकासक निवडताना निबंधकांचा प्रतिनिधी हजर, सभेचं चित्रीकरण. समिती सदस्याचा नातेवाईक विकासक होऊ शकत नाही. या सगळ्याचा उद्देश एकच, की निर्णय चार लोकांच्या खोलीत न होता सभेत व्हावा. मी पाहिलेल्या एका सोसायटीत सभासदांनी सभेआधीच घरोघरी फिरवलेल्या कोऱ्या संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या, कारण ‘सगळ्यांनी केल्या’ असं प्रत्येकाला सांगितलं होतं. पुढची दोन वर्षं त्या सह्यांचा अर्थ लावण्यात गेली. संमती कशाला देतोय हे त्याच कागदावर लिहिलेलं नसेल तर सही करू नये.

सभेत बोलणी नेहमी किती चौरस फूट जास्त मिळणार यावर अडकतात. माझा सल्ला असा की त्याआधी चार प्रश्न संपवा. काम रखडलं तर भाडं कोण आणि कुठवर देणार? बँक हमी किती रकमेची आणि ती कधी मोडता येईल? भोगवटा प्रमाणपत्राआधी ताबा घ्यायला सांगणार नाही, हे करारात आहे का? आणि नव्या इमारतीचा मासिक देखभाल खर्च किती येईल? शेवटचा प्रश्न निवृत्तांसाठी विचारा. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, क्लबहाउस या सगळ्याचा खर्च दरमहा येतो. मोठं घर फुकट मिळालं आणि देखभाल झेपली नाही म्हणून ते विकून लांब जावं लागलं, अशी वेळ कुणावर येऊ नये. विकासकाकडून मिळणाऱ्या कॉर्पसच्या रकमेतून हा खर्च किती वर्षं निघेल, ते कागदावर मांडून घ्या.

शेजाऱ्यानं काय करावं

खोदकाम सुरू होण्याआधी तुमच्या घराच्या भिंती, छत, कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी यांचे तारखेसह फोटो काढा, चित्रीकरण करा. आधीची भेग कोणती आणि नंतरची कोणती, हा वाद फोटोशिवाय मिटत नाही. तळघरासाठी खडक फोडायचा असेल तर हे सोसायटीनं अभियंत्याकडून करून घ्यावं आणि त्याची एक प्रत विकासकाला पोच घेऊन द्यावी. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्र धरतात. रात्री काँक्रीटचे मिक्सर येत असतील तर वेळ आणि वाहनाचा फोटो ठेवा. धुळीसाठी हिरवं कापड आणि पाण्याचा फवारा लागतो. राडारोडा घेऊन जाणारे ट्रक कुठं जातात, हे विचारायला संकोच करू नका.

कारण त्यातले काही इथंच येतात, खाडीच्या काठाला. रात्रीतून दोन-तीन खेपा पडतात, कांदळवनाची मुळं गाडली जातात, आणि वर्षभरात तिथं ‘मोकळी जागा’ तयार होते. मुंबई उच्च न्यायालयानं १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाभोवतीचं ५० मीटरचं क्षेत्रही जपायला सांगितलंय. त्याच्याही पलीकडे ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ मध्ये घोषित झालेलं आणि २०२२ पासून रामसर यादीत असलेलं. राडारोडा पडताना दिसला तर महापालिका, पोलीस आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाला त्याच रात्री कळवा. सकाळी माती पसरलेली असते आणि पुरावा गेलेला असतो.

पाम बीचकडे तोंड असलेली घरं विकताना ‘खाडीचं दर्शन’ म्हणून जे विकलं जातं, ते या कांदळवनाचंच दर्शन आहे. आणि जिथून ते दिसतं, त्याच पाण्यावर सारसोळ्याचे कोळी अजून होड्या घालतात, चिंबोरी, कोळंबी आणि निवट्यांसाठी. सिडकोनं इथं पहिला रस्ता आखला, त्याच्या कितीतरी आधीपासून.

वही

शेवटी कामाची एक पद्धत. शंभर पानी वही घ्या. तुमच्या रोजच्या वाटेवर जितकी बांधकामं असतील, त्या प्रत्येकाला दोन पानं द्या. पहिल्या पानावर जमिनीचा प्रकार, भूखंड क्रमांक, सीसीचा क्रमांक आणि तारीख, महारेरा क्रमांक, मंजूर मजले, घरांची संख्या आणि पूर्णत्वाची तारीख लिहा. दुसऱ्या पानावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, एकाच जागेवरून काढलेल्या फोटोची नोंद आणि त्या दिवशी मोजलेले मजले. जे कागद सापडत नाहीत त्यांच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. अमुक भूखंडाच्या मंजूर नकाशाची आणि सीसीची प्रत द्यावी, इतकं नेमकं मागा. फाइल प्रत्यक्ष बघू द्यावी अशीही मागणी करता येते, आणि माझ्या अनुभवात तोच जास्त सरळ मार्ग आहे.

एकट्यानं दहा ठिकाणं सांभाळणं जमत नाही. सेक्टरातल्या चार-पाच सोसायट्यांमधून एकेक माणूस मिळाला की पुरतं. सकाळी फिरायला जाणारे ज्येष्ठ या कामात सगळ्यात भरवशाचे निघतात, त्यांची वाट ठरलेली आणि नजर सवयीची असते. आणि गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या. कोणता नाला कुठं वळवला, उधाणाला पाणी कुठवर यायचं, कोणत्या भूखंडाखाली भराव आहे, हे महारेराच्या पानावर मिळत नाही. जेट्टीवर जाळं विणत बसलेल्या एखाद्या काकांशी अर्धा तास बोललं की मिळतं. वहीत त्यासाठीही दोन पानं मोकळी ठेवा.